कल्ला उघडून बघितला का?

ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, बरेचसे विसरलो. हे साधं दगडफेकीचं, तरी विसरत नाही. नावं मी कोणाचीच लिहिणार नाही. मी जातीने कोळी, शिक्षण चौथीपर्यंत, शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदार होऊन घरी बसलो. तेव्हा लिहिणं आडवंतिडवं होईल.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी परळ भागातल्या एका ठाण्यात हवालदार होतो. दिवसा ज्यांच्यासमोर काठी घेऊन उभं राहायचं, संध्याकाळी त्यांच्याच शेजारी नळावर बादली लावायची, अशी आमची नोकरी. एका दुपारी साडेबाराच्या सुमारास लालबागच्या नाक्यावर मोर्चा आला. त्या दिवशी गिरण्या चालू होत्या, गर्दी बेताची होती. तरी दगड आले, मग आमची लाठी चालली. एक दगड आमच्या एका शिपायाच्या डोळ्यावर बसला आणि डोळा गेला. त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ठाण्यात त्या दिवशी कोणी नीट जेवलं नाही. साहेबांनी सगळ्यांना उभं करून एवढंच सांगितलं, "मला तो माणूस पाहिजे."

तिसऱ्या दिवशी सकाळी खबर आली. भोईवाड्याच्या एका चाळीतला गृहस्थ ठाण्यात येऊन म्हणाला, "आमच्या मजल्यावरचा एक बदलीवाला त्या दिवशी डोकं फोडून घरी आला. विचारलं तर बोलत नाही." बदलीवाला म्हणजे गिरणीत कायम नसलेला कामगार. रोज फाटकावर उभं राहायचं, कायमचा कोणी आला नाही तर त्याच्या जागी काम, नाहीतर घरी परत.

आम्ही त्याला उचलला. पंचविशीचा, हडकुळा, कपाळावर पट्टी. चौकशी मीच केली.

"त्या दिवशी दुपारी कुठं होतास?"

"चाळीत."

"चाळीत तुला कोणी बघितलं नाही. कपाळाला काय झालं?"

"पडलो. जिन्यात."

"जिना काय लाठी घेऊन उभा होता रे?"

तो गप्प. मी दोन लगावल्या, लपवत नाही. तरी गप्प. शिपाई पाठवून गिरणीतलं बदलीचं रजिस्टर बघून घेतलं. त्या दिवशी त्याला काम मिळालेलं नव्हतं. ठाण्याच्या पायरीवर त्याची मोठी बहीण येऊन बसली होती. ती म्हणाली, "माझा भाऊ दगड मारणारा नाही. पण तो कुठं होता, ते मला विचारू नका." मला वाटलं, आता आणखी काय पाहिजे? साहेबही म्हणाले, "निर्दोष असता तर बोंब मारली असती. उद्या कोर्टात उभा करा."

दुपारी मी पोलीस लाइनीत घरी जेवायला गेलो. माझी बायको लग्नाआधी आईबरोबर बाजारात मासळी विकायला बसायची. शाळेचं तोंड तिने बघितलं नव्हतं. ती वाढत होती, मी खुशीत होतो.

"सापडला," मी म्हटलं.

"कशावरनं?"

"मोर्च्यातल्यांची डोकी फुटली. याचंही डोकं फुटलंय."

तिने कालवणाची पळी तशीच हातात धरली. "अवो, बाजारात गिऱ्हाईक काय म्हणतं? डोळा पांढरा दिसतोय, म्हावरं शिळं. शिळ्याचा डोळा पांढरा होतो, खरं हाय. पण बर्फाला टेकला तर ताज्याचा पण होतो. आणि ते शहाणं ताजं म्हावरं टाकून निघून जातं. खरं काय ते कल्ल्याच्या आतला रंग सांगतो. तुमी कल्ला उघडून बघितला का?"

"माणसाला कल्ला कुठनं आणू?"

"जखम तरी बघितली का? का नुसती पट्टी बघितली?"

मी नुसती पट्टीच बघितली होती. म्हणून आवाज चढवला. "मग तो बोलत का नाही? निर्दोष माणूस गप्प बसेल काय?"

"गेल्या महिन्यात सासूबाईंनी विचारलं, लोणच्याची बरणी कोणी फोडली. मी गप्प बसले. म्हणजे मी फोडली होती काय?"

आतून माझी आई म्हणाली, "म्हणजे तू फोडलीस होय रे?"

ते जेवण मला गोड लागलं नाही.

ठाण्यात परत जाऊन त्याची पट्टी सोडवली. आमच्या लाठीची जखम टाळूवर असते, लांबट असते, कातडी फाटते. याची भुवईच्या वर होती, लहान, गोल आणि खोल. शिवाय पट्टी नीट दवाखान्यातली. गिरणगावात राहिलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. माग चालू असताना सूत इकडून तिकडे नेणारा धोटा कधीकधी उडतो. धोटा लाकडाचा, पण त्याची टोकं लोखंडी आणि अणकुचीदार. मी त्याला विचारलं, "धोटा लागला?" त्याने मान खाली घातली. आतापर्यंत मार खाताना त्याने मान खाली घातली नव्हती.

गिरणीच्या दवाखान्यात गेलो. कंपाउंडरने वही उघडली. त्या दिवशी दुपारी साडेबारा, धोटा उडून भुवईवर जखम, पट्टी बांधली. पण नाव दुसऱ्याचं, एका कायम साचेवाल्याचं, म्हणजे माग चालवणाऱ्याचं. चाळ मात्र तीच.

तिथून चाळीत गेलो. तो साचेवाला खाटेवर पडून होता. छातीचा आजार, नुसती हाडं उरलेली. ज्याच्या नावावर जखम होती, त्याच्या कपाळावर ओरखडासुद्धा नव्हता. तो त्या पोराचा दाजी, पायरीवर बसलेल्या बहिणीचा नवरा. दाजीचं तिकीट, म्हणजे गिरणीतला हजेरीचा बिल्ला, घेऊन मेहुणा महिनाभर त्याच्या साच्यावर उभा राहत होता. जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, ठाऊक होतं. वर कळलं असतं तर तिकीट गेलं असतं, आणि घरात खाणारी चार मुलं. मेहुण्याने तुरुंगात जायचं ठरवलं होतं, पण तिकिटाबद्दल बोलायचं नाही.

दाजी उठून बसला. खोकला थांबेपर्यंत मी उभा राहिलो. मग तो म्हणाला, "हवालदार, त्याला सोडवा. माझं काय लिहायचं ते लिहा." माझ्यामागोमाग आलेल्या बहिणीनेही अडवलं नाही.

मी कंपाउंडरला ठाण्यात आणला. त्याने पोराला ओळखलं. जबाब लिहिला, की या इसमाच्या कपाळावर मी अमुक दिवशी साडेबारा वाजता गिरणीच्या दवाखान्यात पट्टी बांधली. त्यात खोटा एक शब्द नव्हता. तिकिटाचं नाव मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. साहेबांनी जबाब दोनदा वाचला.

"बदलीवाला त्या दिवशी कामावर नव्हता ना? मग गिरणीच्या दवाखान्यात कसा?"

"जखम झाली होती, साहेब."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग सही केली.

तो पोरगा सुटला तेव्हा मी त्याला म्हटलं, "दोन मारल्या त्या परत घेता येत नाहीत." तो म्हणाला, "त्या शिपायाचा दुसरा डोळा तरी ठीक आहे ना?" मार खाल्लेला माणूस हे विचारतो, तेव्हा आपण वर्दी घालून किती लहान आहोत ते कळतं.

दगड मारणारा शेवटपर्यंत सापडला नाही. त्या शिपायाचा डोळा गेला तो गेलाच.

पुढे वीस वर्षं मी तपास केले. माझ्याहून शिकलेल्या अधिकाऱ्यांना मी बघितलं, एका खुणेवरून माणूस ठरवताना. पळाला म्हणजे चोर, रडला नाही म्हणजे त्यानेच मारलं. मी एकच विचारायचो, हे दुसऱ्या कशाने झालं असेल का? हाताखालचे हसायचे, फौजदार कल्ले उघडतात म्हणायचे. मला त्याची लाज वाटली नाही. कायद्याची पुस्तकं मला साहेबांनी दिली, पण अक्कल मला त्या बाईने दिली, पळी हातात धरून.

ती जाऊन आठ महिने झाले. शेवटचं वर्षभर ती फार बोलत नव्हती. दुखतं म्हणून कधी म्हणाली नाही. मी शेजारच्यांना सांगायचो, तिची काही तक्रार नाही, म्हणजे बरी आहे. डॉक्टरने पोटाला हात लावला तेव्हा ती किंचाळली. डॉक्टर म्हणाला, हे फार जुनं दुखणं आहे.

गप्प बसलेला माणूस कोणासाठी तरी गप्प बसलेला असतो, हे मला तिनेच शिकवलं होतं. ठाण्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी ते लावून बघितलं. घरात तिच्यासमोर रोज जेवायला बसायचो, तिला एकदाही विचारलं नाही.