हासेलदामची सुईण आणि मरणाच्या दारातली तेवीस बाळं

आमच्या हासेलदाममध्ये एक साल असं गेलं की जन्माला आलेलं एकूण एक मूल मरणाच्या दारात होतं. तेवीस मुलं. त्यातलं दगावलं एकही नाही. सकाळी ज्याची आशा सोडली, ते दुपारी आईच्या अंगाला लुचत असायचं आणि संध्याकाळी त्याच्या रडण्याने कालव्यापलीकडची कुत्री भुंकायला लागायची. शेजारच्या गावचे लोक म्हणत, हासेलदामच्या हवेत काहीतरी आहे. हवेत काही नव्हतं. होती ती गोदेलिव.

गोदेलिव आमची सुईण. नवरा ईल मासे धरायचा; एका वसंतात तो कालव्यातच राहिला आणि ही आईच्या धंद्याला लागली. बाई बुटकी, ऐसपैस, दंड भट्टीवाल्यासारखे. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे. बाजारात मासेवाला ऐकेना की चारचौघांत सांगायची, "तू पायाळू आलास रे. तेव्हाच तुझ्या आईला म्हटलं होतं, हे पोर सरळ वागायचं नाही." मासेवाला दोन हेरिंग जास्त टाकून मोकळा व्हायचा.

त्या काळी जगाला दोन पोप होते. एक रोमला, एक आविन्योंला. दोघांनी एकमेकांना आणि एकमेकांच्या माणसांना धर्माबाहेर काढलं होतं; म्हणजे नीट पाहिलं तर सगळी ख्रिस्ती दुनिया दाराबाहेर उभी होती आणि आत कुणीच नव्हतं. आम्ही फ्लँडर्सची माणसं रोमवाली. आमचा काउंट मात्र आविन्योंवाला. त्याने आमच्या म्हाताऱ्या बाउदेवाइन पाद्रीला देवळातून काढलं आणि तिथे गिस्लान नावाचा नवा पाद्री आणून बसवला. गिस्लान तरुण, सडपातळ, बोटांना अत्तर लावणारा. दगडी देऊळ त्याचं, पण आत भक्त म्हणजे सात म्हाताऱ्या आणि कबुतरं. बाउदेवाइनने कालव्यापलीकडे लाम्ब्रेख्त बिअरवाल्याच्या कोठारात वेदी मांडली. तिथे गर्दी व्हायची, पण काउंटचा कारभारी नावं टिपून घ्यायचा.

आता मूल झालं की ते न्यायचं कुणाकडे? गिस्लानकडे नेलं तर शेजारणी म्हणणार, त्याच्या हातून बाप्तिस्मा म्हणजे सैतान तसाच आत. बाउदेवाइनकडे नेलं तर कारभारी दारात. पहिल्याच हिवाळ्यात कालव्याकाठच्या विणकराचं मूल अशक्त जन्मलं. बापाने भीतीने दोघांनाही बोलावलं. दोघेही आले, एकाच वेळी, आणि उंबऱ्यावर उभे राहून पाण्याला हात लावायचा हक्क कुणाचा यावर लॅटिनमध्ये भांडले. त्यांचं भांडण संपायच्या आधी मूल संपलं. बाप्तिस्म्यावाचून गेलेलं, म्हणून पवित्र जमिनीत जागा नाही. त्याला कुंपणाबाहेर, झुडपाखाली पुरलं. गोदेलिवने ते बोचकं स्वतःच्या हाताने खड्ड्यात ठेवलं. त्या दिवशी ती कुणाशी बोलली नाही, आणि गोदेलिव गप्प म्हणजे गावाला भूकंप.

मग तिने युक्ती काढली. सुईण शपथ घेते तेव्हाच तिला शिकवतात, की मूल हातचं जातंय असं दिसलं आणि पाद्री येईतो टिकणार नाही असं वाटलं, तर तिनेच डोक्यावर पाणी ओतायचं, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचं नाव घ्यायचं. तो बाप्तिस्मा पक्का. मग रोमचा येवो की आविन्योंचा, तो पुन्हा करता येत नाही. मात्र धडधाकट मुलावर पाणी ओतलं तर शपथ मोडली. शपथ मोडली की सुईणपण गेलं, वर देवळाच्या दारात अनवाणी, अंगात नुसता झगा घालून, हातात मेणबत्ती धरून तीन रविवार उभं राहायचं.

तेव्हापासून हासेलदाममध्ये प्रत्येक मूल निळं पडू लागलं. नाळ तुटली की गोदेलिव कपाळावर हात मारायची, बाळंतिणीच्या मैत्रिणी ठरल्यासारखा हंबरडा फोडायच्या, पाणी पडायचं, आणि पाणी पडताच मूल गुलाबी. मग सगळ्या जणी बाळंतिणीसाठी केलेली गरम मसाल्याची बिअर स्वतःच पिऊन टाकायच्या.

वर्षभर दोन्ही पाद्र्यांना वाटत राहिलं, की मुलं दुसरा पळवतोय. एकदा पुलावर समोरासमोर आले, नाइलाजाने बोलले, तेव्हा उलगडलं, की दोघांनीही वर्षात एकही बाप्तिस्मा केला नव्हता. दोघांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. त्याच दुपारी दोघांनी मिळून कारभाऱ्याकडे तक्रार केली.

कारभारी योस बिचारा पोटाचा आजारी. एका पाद्रीला दुसऱ्याचा न्यायाधीश चालेना, म्हणून न्याय याच्या गळ्यात आला. जागाही तटस्थ हवी, म्हणून बसले लोकरीच्या वखारीत. सगळं गाव आत कोंबलेलं. गोदेलिव मध्ये उभी, बचावाला पदरी काही नाही. बहिणीने रात्रंदिवस तिच्या मागे लागून सांगितलं होतं, माफी माग आणि सुटका करून घे. गोदेलिवचं म्हणणं होतं, माफी मागितली तर सुईणपण जाईल, मग उद्या केर्स्टिनसारखी अडलेली बाई मोकळी कोण करणार, गिस्लान?

केर्स्टिन म्हणजे लाम्ब्रेख्त बिअरवाल्याची बायको. तिचाच मुलगा पाद्र्यांनी पुरावा म्हणून निवडला, आणि निवड चुकीची नव्हती. योसने त्याला लोकर तोलायच्या काट्यात ठेवायला सांगितलं. दुसऱ्या पारड्यात वजनं टाकता टाकता वखारवाला दमला. चार महिन्यांचं पोर डुकराच्या सबंध मांडीच्या हॅमवर भरलं, आणि काट्यातच ओलं करून बसलं. सगळी वखार हसली. गोदेलिव मात्र हसली नाही. तिला कळलं, की आता आपलं काही खरं नाही.

गिस्लानने गोड आवाजात विचारलं, "हे मूल मरत होतं, असं तुझं म्हणणं?"

"तेव्हा बारीक होतं, पाद्रीबाबा."

बाउदेवाइनने मान हलवली. म्हातारा तसा मायाळू. पण वर्षभर एकही मूल हातात आलं नाही हे त्याच्या मनात खोलवर सलत होतं. तो म्हणाला, की गोदेलिव, तुझ्या आईलाही मीच शपथ दिली होती, निदान घडलं कसं ते खरं सांग.

तेव्हा गोदेलिवने खरं सांगायला सुरुवात केली. केर्स्टिनच्या वेणा बिअर उकळायच्या खोलीतच सुरू झाल्या, मूल तिथेच झालं. चहूकडे वाफ, घाई, बायकांची रडारड. हाताला आलं ते मडकं तिने उचललं आणि ओतलं. "त्यात पाणी होतं की पातळ बिअर, ते मात्र मला आज सांगता येणार नाही."

बिअरचा बाप्तिस्मा चालत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणजे बिअरवाल्याचा वारस चार महिने बाप्तिस्म्यावाचून लोळतोय.

गिस्लान उठला. मूल आत्ताच्या आत्ता देवळात आणा, म्हणाला. बाउदेवाइन त्याच्या आधी दारात उभा. मूल माझ्या वेदीपाशी जाईल, नाहीतर माझ्या मढ्यावरून. गिस्लान म्हणाला, कोठारात? माल्टच्या पोत्यांत? लाम्ब्रेख्त ओरडला, की माझी पोती कुठल्याही आविन्योंवाल्यापेक्षा पवित्र आहेत. केर्स्टिनने काट्यातून मूल उचलून छातीशी धरलं आणि सांगितलं, की कुणीही हात लावला तर चावेन.

योसने पोटावर हात दाबून विचारलं, "मग ते पाणी होतं असं ठरलं, तर?"

दोघे पाद्री थांबले. गिस्लानने बाउदेवाइनकडे पाहिलं, बाउदेवाइनने गिस्लानकडे. बिअर असली तर मूल दोघांपैकी एकाला मिळणार. म्हणजे दुसऱ्याचं नाक कापलं जाणार, तेही गावातल्या सगळ्यात मोठ्या घरात. पाणी असलं तर कुणालाच नाही.

"पाणीच असणार," गिस्लान म्हणाला.

"बिअर उकळायची तर पाणी लागतंच," बाउदेवाइन म्हणाला. "बाई, पाणी होतं अशी शपथ घे."

गोदेलिवने हात पोटाशी बांधले. शपथ घेईन, म्हणाली, पण एक अडचण आहे. मूल मरत असेल तरच सुईण आधी पाणी शोधून हाताशी ठेवते. मूल धडधाकट असेल तर पाणी कशाला शोधेल? तेव्हा मी हाताला लागलं ते उचलणार. "तर आधी तुम्ही ठरवा, पाद्रीबाबा. मरत होतं का?"

आता हा युक्तिवाद कुठल्या विद्यापीठात टिकला नसता. पण वखारीत टिकला. योसने कागद काढला आणि लिहिलं, की लाम्ब्रेख्तचा मुलगा मरणाच्या दारात होता, पाणी पाणीच होतं, आणि बाकीच्या बावीस मुलांचंही तसंच. खाली दोन्ही पाद्र्यांच्या सह्या व्हायच्या होत्या, एकाखाली एक. वर कुणाची सही यावर अर्धा तास गेला. शेवटी योसने कागद आडवा धरला आणि सह्या शेजारी शेजारी झाल्या. रोम आणि आविन्यों यांचं एका कागदावर इतकं जवळ येणं अख्ख्या फ्लँडर्समध्ये दुसरं नसावं.

मडक्यात काय होतं? लोक तिला मरेपर्यंत विचारत राहिले. केर्स्टिनच्या जावेचं म्हणणं, की त्या दिवशी मडक्यावर फेस तिने स्वतः पाहिला. पण केर्स्टिनच्या जावेला सगळीकडे फेस दिसायचा. गोदेलिव म्हणे, की मी म्हातारी झाले, आठवत नाही. आणि तेव्हा ती पन्नाशीचीही नव्हती.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी सुताराची सून अडली. गोदेलिव बाह्या वर सारून बसली, मूल आलं, ढुंगणावर थाप न मारताच रडलं. गोदेलिवने कपाळावर हात मारला, बायकांनी हंबरडा फोडला, आणि तिने पाण्यासाठी मागे हात केला. सुताराच्या म्हाताऱ्या आईने मडकं उचललं, आधी नाकाला लावलं, मग एक घोट घेतला, तोंडातल्या तोंडात घोळवला, आणि मगच पुढे केलं.