पुरता वकील

आमचा मामा शिंपी. जिन्याखालच्या दुकानात मशीन सतत खडखडत असतं, म्हणून अर्धंच ऐकून "हो हो" म्हणायची त्याला सवय. त्यात त्याला वकील मिळाले तेही शब्दांची डोकी गिळणारे! नमस्कार केला तरी ऐकू येणार "...स्कार".

घरमालकाला दुकान खाली करून हवं होतं. मामाने आत पोटभाडेकरू ठेवलाय, असा त्याचा दावा. पोटभाडेकरू म्हणजे कोण, तर काजं-बटणं करणारा मामीचा भाऊ. तो भाडं कसलं देतोय? चहासुद्धा मामाचाच पितो.

वकील दुकानातच भेटायला आले.

"मी तुमचा ...पुरता वकील. चालेल ना?"

"हो हो! पुरता म्हटल्यावर काय!" मामा खूश.

वकिलांनी लेखी जबाब झकास लिहून दिला. मामाने तो कोर्टात दिला. मग तारखेला घरमालकाची साक्ष झाली आणि न्यायाधीशांनी विचारलं, "उलटतपासणी?"

मामा दाराकडे बघतोय. दारात कोणीच नाही.

"वकील येतीलच, साहेब. पुरते आहेत माझे."

"पुरते म्हणजे?"

"म्हणजे... अख्खे."

"त्यांचं वकीलपत्रच नाही इथे. तुम्हीच विचारा काय ते."

"मी काय विचारणार? जबाबात लिहिलंय की सगळं."

"म्हणजे प्रश्न नाहीत?"

गोंधळात तोंडातून निसटलं, "हो हो."

झालं! 'उलटतपासणी नाही' अशी नोंद झाली. पोटभाडेकरूची थाप कोणी खोडलीच नाही.

बाहेर येऊन मामाने वकिलांना फोन लावला.

"अहो, मी ...बाबापुरता होतो!"

"कुठल्या बाबापुरता?"

"ज-बा-बा-पुरता! लेखी जबाब लिहून देण्यापुरता. कोर्टात उभं राहायचं ठरलंच नव्हतं."

"पण तुम्ही पुरता म्हणालात!"

"तेवढ्यापुरता हो!"

सोबत आलेल्या मामीने कपाळावर हात मारला. "शब्द एकच, तोही दोघांनी अर्धा अर्धा वाटून घेतला!"

आता घरमालकाला पुन्हा साक्षीला बोलवायचं, तर वेगळा अर्ज हवा. तो मंजूर होईल का, हे वकीलही सांगेनात. आणि झाला, तर प्रश्न विचारणार कोण?

दुकानात परतले, तर एक बाई पडद्यांचं कापड घेऊन थांबल्या होत्या. "कधी मिळतील?"

मामाने मामीकडे पाहिलं, मामीने भावाकडे, आणि भाऊ काज करता करता सुई हरवल्यासारखा जमिनीकडे बघत बसला.

"ताई," मामा म्हणाला, "माप घेऊन ठेवतो. कापत नाही एवढ्यात."