इंदुबाईंचे कान

इंदुबाई भाईंदरजवळच्या राई गावच्या. खाडीत मासळी होती आणि दारात होडी होती, तोवर त्यांच्या घरात नोकरी कुणी केलीच नव्हती. मासळी आटली, होडी चिखलात कुजत पडली आणि इंदुबाई पदर खोचून भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात लागल्या. तिथेच त्यांचे केस पांढरे झाले. प्रेसमधून ठोकून निघालेलं पातेलं उचलायचं, कड तपासायची आणि पॉलिशला पुढे द्यायचं. ती कच्ची कड सुरीसारखी असते. त्यांची बोटं बघितली की कळतं.

आवाज तर असा खणखणीत, की चालू प्रेसच्या वर ऐकू यायचा. सगळे चिडवायचे, "मावशी, इथे मासळी नाही विकायची!" त्याही हसायच्या आणि विषय तिथेच मिटायचा. खरी गोष्ट त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती. प्रेसच्या धाडधाडीने त्यांचे कान जवळजवळ गेले होते. समोरच्याचे ओठ बघायचे, हात बघायचे आणि मान डोलवायची, यावर बाईंनी वर्षं काढली. काय ही हिंमत आणि काय ही कसरत! पण घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं आणि बहिऱ्या बाईला कोण कामावर ठेवतं?

मग मालक जितेंद्रभाईंनी यांत्रिक हात आणायचं ठरवलं. आता आपली कामं जाणार, असं सगळे एकमेकांत बोलू लागले. मांडणी करायला मीरा रोडचा निहार नावाचा इंजिनिअर आला. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "माणसाच्या सोयीने यंत्र उभं करायचं, यंत्राच्या सोयीने माणूस नाही." अशी वाक्यं भाषणात पुष्कळ ऐकायला मिळतात. हा पठ्ठ्या तसं वागलासुद्धा. त्याने प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे टेबलं खालीवर करून घेतली, आणि इंदुबाई आणि शेजारची हिना यांना गप्पा मारता याव्यात म्हणून मधे येणारा यंत्राचा खांबही हलवला. यंत्राचा हात माणसाकडून पातेलं घेऊन पॉलिशकडे वळणार होता. वळण्याआधी बीप वाजायचा, तेव्हा माणसाने आपला हात मागे घ्यायचा.

"बीप ऐकू येतो ना सगळ्यांना?" निहारने विचारलं. सगळ्या माना डोलल्या. सगळ्यात जोरात इंदुबाईंची.

चाचणीत हिना आणि त्या शेजारी शेजारी होत्या. हिनाने हात मागे घेतला की बाईही घ्यायच्या. पास!

मग गोपीनाथची पाळी आली. तो राईशेजारच्या मोरवा गावचा, इंदुबाईंच्याच वयाचा, प्रेसवरचा जुना माणूस. तो मात्र एकटाच उभा होता. बीप वाजला आणि गोपीनाथ हललाच नाही. यंत्राचा हात वळला, त्याच्या कोपराला लागला आणि लागताक्षणी थांबला. तशी सोय निहारने केलेलीच होती. पण पकडीतल्या पातेल्याच्या कडेने बाही टराटरा फाटली आणि हातावर रक्ताची रेघ उमटली.

"डुलकी लागली जरा," गोपीनाथ हसत म्हणाला.

त्या गोंगाटात डुलकी! इंदुबाईंना तेव्हाच उमगलं. हाही आपल्यातलाच. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा त्याला आळशी ठरलेलं चाललं.

जितेंद्रभाई वैतागले. "गोपीनाथ, कल से गेट पे बैठो." गेटवर बसवलेला माणूस चार-सहा महिन्यांत घरी जातो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

इंदुबाई गप्प बसल्या असत्या तर कुणी काही म्हटलं नसतं. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. पण त्या पुढे आल्या.

"शेठ, तो झोपला न्हवता. त्याला ऐकूच येत न्हाय. मना पन येत न्हाय. मी हिनाच्या हाताकडं बघत व्हते."

गोपीनाथचा चेहरा लालबुंद झाला. "तुझ्या कानांचं तू बघ!" म्हणून तो तरातरा बाहेर निघून गेला. दोघांचीही नोकरी गेली, असंच इंदुबाईंना वाटलं.

निहार त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला आणि सावकाश बोलला. "मावशी, हिना हात मागे घेणार हे तुम्हाला कळतं कसं?"

"आधी मनगट उचलते ना ती. मंग हात जातो."

निहार जितेंद्रभाईंकडे वळला. "हे सगळं नव्याने करावं लागेल."

"अरे, सब तैयार है!"

"लोकांच्या मान डोलावण्यावर तयार झालंय, शेठ. दोघं इथेच काम करतील अशीच मांडणी मी करून देतो."

जितेंद्रभाईंनी यंत्राच्या पकडीतलं ते पातेलं काढून कडेवरचं रक्त बघितलं. शेवटी म्हणाले, "करो."

यंत्राला नवी सवय लावली गेली. वळण्याआधी ते हिनासारखं आपलं मनगट उचलून क्षणभर थांबू लागलं आणि माणसाच्या डोळ्यांसमोर दिवा लागू लागला. सगळ्यांचे कान तपासले गेले. त्यानंतर बरेच जण इंदुबाईंशी बोलताना मुद्दाम समोर येऊन उभे राहू लागले. गोपीनाथ मात्र त्यांच्याशी बोलणं सोडून बसला होता. बाईंना ते फार लागलं.

कामाला सुरुवात झाली, तेव्हा दोघांची टेबलं समोरासमोर होती. यंत्राने मनगट उचललं, गोपीनाथने हात मागे घेतला, पातेलं गेलं. इंदुबाई पलीकडून काहीतरी बोलल्या. गोपीनाथची मान सवयीने डोलायला लागली आणि मधेच थांबली.

"काय बोललीस?" सगळ्यांच्या देखत तो मोठ्याने म्हणाला. "मना ऐकू न्हाय आलं."

इंदुबाई टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर गेल्या. "चा घेशील काय, इचारलं."