धरून ठेवलेली जागा

दिवाळी संपली की आमच्या रस्त्यावर तिबेटी बायका स्वेटर विकायला येतात. यंदा त्या अजून आल्या नव्हत्या. आज सकाळी पाहिलं, तर कपड्यांचे दुकानदार बापूकाका आपल्या दुकानासमोरचा, त्या बायका बसतात तो फुटपाथ झाडत होते.

याच बापूकाकांनी पहिल्या वर्षी केवढा आरडाओरडा केला होता! "घरदार सोडून आले, ते आमच्याच पोटावर पाय द्यायला!" झालं भलतंच. स्वेटरसाठी गावभरची माणसं इकडे फिरकू लागली आणि जाताजाता काकांकडून मोजे-बनियनही नेऊ लागली. कोपऱ्यावरची चहाची टपरी तर त्या गर्दीवरच उभी राहिली.

पंगतीत आणखी कुणी बसलं की आपल्या पानातलं कमी होणार, ही भीती मलाही वाटते. पण माणसं वाढली म्हणून चूलही मोठी मांडली जाते, हे मात्र भीतीच्या भरात सुचत नाही.

एवढ्यात एक केळीवाला तिथे गाडी लावू लागला. बापूकाका झाडता झाडताच म्हणाले, "जरा पुढे घे रे बाबा. इथे आमची माणसं यायचीत."