टेपखालची चीर

ज्या माणसाने पन्नासेक छोट्या विमानांच्या टपाला स्वतःच्या हाताने भोकं पाडली, त्याला विमानात बसायची भयंकर भीती वाटायची. आमचे जॉबरकाका विमानात चढताना बुटांबरोबर चेहऱ्यावरचा रंगही खाली काढून ठेवत. तरी महिन्या-दोन महिन्यांतून ते चढत, कारण तसा नियम होता आणि तो त्यांनीच केला होता. नियमाकडे येतोच, पण आधी भोकांचं सांगायला हवं, नाहीतर काका कुणी घातपात करणारे वाटायचे.

आमचं काम वैमानिकांना शिकवायच्या छोट्या विमानांत जीपीएस बसवायचं. त्याची अँटेना तळहाताएवढी असते. तिला सतत आभाळ दिसावं लागतं, म्हणून ती टपावर बसते आणि तिची केबल भोकातून उतरून, छताच्या अस्तरामागून वैमानिकापुढच्या पॅनेलपर्यंत जाते. भिवंडीतल्या टेमघरला गोदामांच्या रांगेत आमचा गाळा होता. तिथे केबली तयार करायच्या आणि ज्या धावपट्टीवर विमान असेल तिथे जाऊन बसवायच्या. भिवंडीत विमानाचं काम चालतं हे माझ्या नातेवाइकांना कधीच पटलं नाही. माझी आत्या मी कुरिअरच्या गोदामात असल्याचं सगळीकडे सांगायची, आणि लग्नाच्या बाजारात मला तेच उपयोगी पडलं.

काका जवळच्या दिघाशी गावचे. वीस-बावीस वर्षं यंत्रमागांवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम चालू करून देणारे मिस्त्री. लूम भंगारात गेले तेव्हा आमच्या शेटनी त्यांची बोटं बघून त्यांना ठेवून घेतलं. काम बदललं, नाव तेच राहिलं. मी आलो तो विमानदुरुस्तीचा डिप्लोमा, खिशाला चार पेनं आणि डोक्यात बरीच हवा घेऊन. काका मला पहिल्या दिवसापासून ‘सायेब’ म्हणत. मला वाटायचं, मानाने म्हणतात. बाकीचे का हसतात, हे कळायला दोन महिने गेले.

केबलींचा जुडगा बांधायला मी प्लास्टिकच्या पट्ट्यांचं पाकीट घेऊन आलो होतो. काकांनी ते कौतुकाने उलटसुलट पाहिलं आणि घरी तोंडल्याच्या वेलाला वापर म्हणाले. ते मेण लावलेल्या दोऱ्याने बांधत. दर चार बोटांवर एक गाठ, आणि सगळ्या गाठी एका रेषेत. तुटलेला धागा चालत्या मागावर जोडायची बोटांची सवय होती ती. ‘पट्टी केबलला चावते. दोरा समजून घेतो,’ असं त्यांचं म्हणणं. माझ्या सुरुवातीच्या गाठी बघून त्यांनी एवढंच विचारलं की तुझ्याकडे म्हशी आहेत का.

भोक पाडायच्या दिवशी मात्र काका कुणाशी बोलत नसत. सकाळी माप घेत, खूण करत, चहा पीत, पुन्हा माप घेत आणि दुपारनंतर ड्रिल हातात धरत. कापड उसवता येतं, पत्र्याला भोक पडलं की पडलं, असं ते म्हणत. मला हा वेळकाढूपणा वाटायचा. एकदा ते जेवायला गेले असताना मी टपावर भोकांच्या नकाशाचा कागद चिकटवून पाच मिनिटांत खुणा करून टाकल्या. अँटेनाला पुढचा-मागचा भाग असतो. काका हात पुसत आले, शिडीवर चढले, कागदावर वाकले आणि शांतपणे म्हणाले, ‘सायेब, हे विमान मागं उडनार हाय का?’

आता नियम. जीपीएस बसवलेलं विमान पहिल्यांदा आकाशात जाईल तेव्हा ज्याने केबल ओढली त्याने आत बसायचं. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. काका म्हणायचे, खाली उभं राहून टाटा करायला काय जातंय. ते स्वतः डोळे घट्ट मिटून बसत आणि उतरल्यावर संध्याकाळपर्यंत त्यांना अन्न जात नसे. नियमाला एक पोटकलमही होतं. शिकणाऱ्याचं पहिलं काम असेल तर शिकवणाऱ्याने बसायचं.

माझं पहिलं स्वतंत्र काम एका दोन आसनांच्या विमानावर लागलं. भोक पाडलं, अँटेना योग्य तोंडाने बसली, केबल पॅनेलमागे आली. शेवटच्या गाठीचा दोरा कापताना माझी ब्लेड निसटली आणि केबलच्या आवरणाला बोटाच्या पेराएवढी चीर गेली. आतल्या जाळीच्या दोन तारा चकाकताना दिसल्या. अशी केबल बदलायचीच असते. चिरेतून ओल जाते, हादऱ्यांनी तारा तुटत जातात, आणि एखाद्या दिवशी धुक्यात, शिकाऊ पोरगं एकटं असताना, समोरचा पडदा कोरा होतो. मला हे सगळं पाठ होतं. परीक्षेत या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण होते.

पण केबल बदलायची तर छताचं अस्तर पुन्हा उतरवायचं, खुर्च्या काढायच्या. आणि शेलार गावात माझ्या चुलतभावाची हळद होती. आमच्यात हळदीला न जाणं म्हणजे लग्न मोडण्याच्या खालोखालचा गुन्हा. मी चिरेवर टेप गुंडाळला, वर सुरेख गाठ मारली आणि तो भाग जुडग्याच्या आतल्या अंगाला फिरवला. जीपीएस चालू केला, उपग्रह भराभर सापडले. तपासणाऱ्या इंजिनिअरने बॅटरी मारून पाहिलं, गाठींची तारीफ केली आणि सही केली. मी हळदीला गेलो आणि बेंजोपुढे गुडघे दुखेपर्यंत नाचलो. लाज वाटत होती असं आज सांगायला आवडलं असतं. खरं तर तेव्हा मला त्या चिरेची आठवणसुद्धा नव्हती.

आठवण आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी धावपट्टीवर. काकांनी बूट काढून विमानाच्या सावलीत ठेवले, मोज्यांवरच आत चढले आणि पट्टा आवळला. चेहरा राखेसारखा. कॅप्टनने दार ओढायला हात बाहेर काढला, तेवढ्यात काका माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, ‘तुजं काम हाय म्हून बसतंय. दुसऱ्या कोनाचं असतं तर पोट दुखतंय सांगितलं असतं.’

मी दार धरलं. कॅप्टनला वाटलं, मी ते लावायला मदत करतोय. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते ‘काल हळद होती’ असं. मग मी चीर सांगितली, टेप सांगितला, कुठे लपवला तेही सांगितलं. कॅप्टन जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेटनी फोनवर एवढंच विचारलं की नवी केबल किती फूट पाठवू, ते जास्त लागलं. उड्डाण रद्द झालं. काका सावकाश उतरले, बूट घातले आणि हत्यारांची पेटी उघडली.

सगळा दिवस आम्ही दोघांनी ती केबल बाहेर काढून नवी ओढली. जुनी केबल हातात आल्यावर त्यांनी टेपवरची गाठ अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, ‘गाठ मातर बेस जमलीय.’ मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच विमानात बसले, डोळे मिटून. त्या दिवसापासून त्यांनी मला ‘सायेब’ म्हणणं सोडलं आणि ‘बाला’, म्हणजे बाळा, म्हणायला लागले. मी तीन महिने नोकरी जाण्याची वाट पाहिली. शेट विसरले की काकांनी त्यांना सांभाळून घेतलं, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी काका एका सकाळी शेटच्या टेबलापुढे उभे राहिले. गेल्या आठवड्यात पाठवलेल्या केबलच्या टोकात जाळीची एक तार आत वळली असावी, म्हणाले. हल्ली बारीक तारा नीट दिसत नाहीत, ते विमान थांबवा. शेटनी सांगितलं की टोक तपासून गेलंय, उगाच मनाला लावून घेऊ नका. काका हलले नाहीत. विमान थांबवलं, टोक उघडलं, तर खरंच एक तार मधल्या पिनेच्या अंगावर वाकलेली निघाली. त्याच दिवशी काकांनी काम सोडलं.

मी त्यांना दिघाशीला घरी सोडायला गेलो. गाडीत भांडलो त्यांच्याशी. डोळ्यांचं ऑपरेशन करता आलं असतं, मी शेजारी बसून तारा तपासल्या असत्या, आणि तपासणीत पास झालेलं टोक कुणी उघडून बघणार नव्हतं, असं काय काय बोललो.

‘माज्या पयल्या विमानाला बी हातनं आसंच झालेलं,’ काका म्हणाले. ‘तवा मी गप बसलो. आज शेटला ते बी सांगितलंय, त्ये बी उघडनार हायेत.’

मी विचारलं, इतक्या वर्षांनी आजच का.

‘तू त्या दारात हुबा राहून बोललास ना बाला, तवापासून माला झोप न्हाय,’ काका म्हणाले. ‘ते मी तुज्याकडनं शिकलो.’

मी गाडी बाजूला घेतली. मला पुढचा रस्ता दिसेना.