वन्संचा खुबा

माझ्या वन्संना हरलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. म्हणजे सामने त्या पुष्कळ हरतात, पण हरलेल्या दिसत नाहीत. शटल जाळ्यात अडकलं की त्या जाळ्याकडे अशा बघतात, जणू चूक जाळ्याची आहे आणि त्याने ती मुकाट्याने कबूल करावी. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. जन्मभर कन्याशाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी आपल्या यजमानांना, म्हणजे भावोजींना, बरोबर घेऊन त्या बॅडमिंटनच्या हॉलवर हजर झाल्या. भावोजींना विचारलं नव्हतं. त्या घरात तशी पद्धत नाही. भावोजी इतके अबोल की ते घरात आहेत हे आम्हांला त्यांच्या शिंकेवरून कळायचं. पण कोर्टावर हा माणूस चक्क बोलायचा. "मागे जा", "सोड, बाहेर जातंय", "वा, छान मारलंस!" एरवी महिनाभरात होत नसे एवढं बोलणं नवराबायकोचं एका संध्याकाळी होऊन जायचं.

त्यातलं "सोड" मात्र वन्संनी कधी ऐकलं नाही. बाहेर जाणारं शटलसुद्धा त्या धावत जाऊन, वाकून, पाय ताणून उचलायच्या आणि आत आणून द्यायच्या. पुढे त्या लंगडायला लागल्या, तेव्हा आधी चप्पल टोचते म्हणाल्या, मग रस्ता वाईट आहे म्हणाल्या. शेवटी एका शनिवारी जाळ्याजवळच्या शटलसाठी त्यांनी असा काही पाय टाकला की तो टाकलेलाच राहिला. भावोजींनी आणि समोरच्या जोडीने मिळून त्यांना उचलून बाकावर बसवलं. बसल्या बसल्या वन्संनी पहिला प्रश्न विचारला, "पॉइंट कुणाचा?"

मग माणसं भेटायला येऊ लागली. कुणी म्हणालं कंबर धरली, कुणी म्हणालं वयाप्रमाणे व्हायचंच. वन्सं प्रत्येकाला दुरुस्त करायच्या. "कंबर नव्हे, खुबा. कंबर इथे, खुबा इथे," आणि नकाशावर बोट ठेवावं तसं बोट ठेवून दाखवायच्या. डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याचं सांगितलं. खुब्याच्या बाजूचे स्नायू आणि त्यांना हाडाशी बांधणारे दोर ताणाने दुखावले होते. थोडे दिवस विश्रांती आणि बर्फाचा शेक. हे ऐकून भावोजी एक अक्षर न बोलता स्कूटर काढून गेले आणि मिरकरवाड्याच्या बंदरावरून बर्फाची अर्धी लादी गोणपाटात बांधून घेऊन आले. ट्रॉलरवर मासळीत घालायचा बर्फ तो. शेक घेऊन वन्संना किती आराम पडला माहीत नाही, पण आळीतली सगळी मांजरं त्यांच्या खाटेभोवती गोळा झाली. "अहो, मला खुबा बरा करायचाय, खारवायचा नाही!" वन्सं ओरडल्या. भावोजी निमूटपणे मांजरं हाकत राहिले.

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येऊ लागली. चेहऱ्याने गरीब, हट्टाने मात्र वन्संच्या तोडीची. कुशीवर झोपायचं, पावलं जुळलेली ठेवायची आणि वरचा गुडघा हळूहळू उघडायचा. "तिसरीचा शिंपला उघडतो ना, तसा," ती म्हणाली.

"अगो, तिसऱ्या उकळत्या पाण्यात घातल्याशिवाय उघडत नाहीत," वन्सं म्हणाल्या. "तुझा विचार काय आहे?"

पण करायच्या. सकाळ-संध्याकाळ, दात आवळून. ताणायची रबरी पट्टी दोनदा तुटली, वन्सं तुटल्या नाहीत. झोपताना गुडघ्यांच्या मध्ये उशी, दुखऱ्या कुशीवर वळायचं नाही, जमिनीवर मांडी घालायची नाही, सगळं पाळलं. जमलं नाही ते एवढंच, की बरं वाटू लागलं तरी थांबायचं. भजनी मंडळ हेदवीच्या गणपतीला निघालं तेव्हा त्याही निघाल्या. तिथे बाकीच्या बायका गाडीने वर गेल्या आणि वन्सं हट्टाने पायऱ्या चढून. संध्याकाळी परत आल्या त्या मागच्या सीटवर आडव्या होऊन. फिजिओथेरपीवाली मुलगी रागावली नाही, नुसती म्हणाली, "मॅडम, आता पुन्हा पहिल्यापासून." त्या रात्री वन्सं जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर त्या व्यायामाच्या चटईवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी समजूत घालायला म्हटलं, "वन्सं, राहू द्या ना तो खेळ. चालता येतंय, बाजारहाट होतोय, आणखी काय हवं?"

"तुला नाही कळायचं गो," त्या भिंतीशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "जन्मभर घरात मी एकटीच बोलले. त्या कोर्टावर पहिल्यांदा मला कुणी उत्तर दिलं. आता ह्यांची पुन्हा वाचा बसलीये."

मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. तिथे भावोजी उभे होते. त्यांनी ऐकलं असावं. रोज खेळाच्या वेळी हा माणूस हॉलवर जाऊन नुसता बाकावर बसून येतो, हे मला तिथे खेळणाऱ्या एकाने सांगितलं होतं. कुणी खेळायला बोलावलं की म्हणे, "जोडीदार आजारी आहे."

चहा घेऊन मी बाहेर आले तर भावोजींनी वन्संच्या चटईशेजारी आपली चटई अंथरली होती आणि ते कुशीवर आडवे होत होते. सत्तरीला टेकलेला लांबलचक माणूस, लेंगा वर सरकलेला. त्यांनी पावलं जुळवली आणि कोर्टावरच्याच आवाजात म्हणाले, "चल. उघड. धर. सोड."

वन्सं वळल्या. "तुमचा गुडघा डगमगतोय," त्या म्हणाल्या आणि व्यायामाला लागल्या.

पुढे अंगणात शटलशिवाय सराव सुरू झाला. हवेत रॅकेट फिरवत दोघं पुढे-मागे सरकताना पाहून समोरच्या काकूंनी मला हळूच विचारलं, "दोघांच्याही अंगात येतंय काय गो?" वन्संनी ते ऐकलं आणि तिथूनच ओरडल्या, "येतंय! तुम्हीपण या!"

आंब्यांना मोहोर आला तेव्हा त्या पुन्हा हॉलवर उतरल्या. आधी अंग गरम करायचं आणि गेम एकच खेळायचा, ही फिजिओथेरपीवाल्या मुलीची अट. हरल्या. हरलेल्या दिसल्या मात्र नाहीत. ही दुखापत पुरती भरून येणार नाही, सांभाळून खेळल्या तर काही वर्षं खेळतील, असं त्या मुलीने आम्हां सगळ्यांसमोर सांगितलेलं होतं. त्यावर वन्सं म्हणाल्या होत्या, "काही म्हणजे थोडी नव्हेत."

गेम संपल्यावर मी हॉलबाहेर त्यांची वाट बघत होते. बाहेरच्या पायऱ्या जांभ्या दगडाच्या, झिजून मध्ये खोलगट झालेल्या. भावोजी आधी उतरले आणि मागे वळून थांबले.

"दुखतंय?"

"थोडं," वन्सं म्हणाल्या.

भावोजींनी हात पुढे केला. वन्संनी तो धरला नाही. भावोजींनीही मागे घेतला नाही. त्या हाताच्या शेजारून, एक एक पाय जपून टाकत, त्या खाली उतरल्या. मग दोघं आपल्या जुन्या स्कूटरकडे चालत गेली, आज कोण कुठे चुकलं यावर वाद घालत. समुद्रावरचा वारा सुटला होता, त्यामुळे मला शब्द कळत नव्हते. नुसते दोन आवाज ऐकू येत होते.