सावरीचा कापूस आणि दाढीचा ब्रश

जपानच्या लढाईच्या धास्तीने मुंबईतून माणसं गावाकडे पळाली, तेव्हा माझा मामाही गिरणी सोडून शहापूरजवळच्या आमच्या गावात येऊन राहिला. येताना त्याने पावडरीचा डबा आणला. त्यात पावडर लावायचं मऊ फूल असतं म्हणे. ते वाटेत कुठे पडलं देव जाणे. वर्षभर डबा फळीवर बसून होता. पुढे माझ्या थोरल्या बहिणीला बघायला मुरबाडकडचे पाहुणे येणार असं ठरलं आणि आईने तो खाली काढला.

बहिणीला मी बाय म्हणायची. आई दिवसभर शेतावर, म्हणून मला बायनेच वाढवलं. तिच्याच कुशीत झोपायचं, तिच्याच ताटात जेवायचं. मी दहा वर्षांची घोडी झाले होते, तरी माझी वेणी घातल्याशिवाय ती पाण्याला जायची नाही. ती सासरी जाणार ही कल्पनाच मला नको होती. सगळ्या घराला आनंद, आणि मी एकटी मनातल्या मनात पाहुण्यांची बैलगाडी ओढ्यात उलटवत होते.

रांगोळीला माझा हात चांगला, म्हणून पावडर लावायचं काम माझ्याकडे आलं. कशाने लावायची? सावरीच्या कापसाची फडक्यात बांधलेली पुरचुंडी, जात्यावरचं पीठ झाडायचा कुंचा आणि मामाचा दाढीचा ब्रश, एवढं मी जमवलं आणि पडवीत बसून एकेक स्वतःच्या हातावर लावून बघितलं. कुंच्याने नुसते ओरखडे उठले. ब्रशाचे केस साबणाने चिकटून राठ झाले होते. पावडर एका जागी थापली जाई, शेजारी लागतच नसे. सावरीचा कापूस मात्र पापडाच्या लाटीला पीठ लागावं तशी सारखी पसरवायचा. योग्य काय ते मला चांगलं कळलं. मग मी पुरचुंडी भाताच्या कणगीमागे टाकली आणि मामाचा ब्रश उचलला.

पाहुण्यांसमोर जाण्याआधी आमच्याकडे मुलीच्या तोंडाला खुरासणीचं तेल चोळत. ते पुसून मग पावडर लावायची, एवढी अक्कल मला होती. मी पुसलं नाही. बाय डोळे मिटून माझ्यापुढे बसली. तिच्या सावळ्या गालांवर ब्रश फिरेल तिथे पांढरे चट्टे उठत गेले.

"बरी दिसते ना गो?" तिने विचारलं.

"लय बरी," मी म्हटलं. घरातला एकुलता आरसा मी परकराखाली लपवला होता.

आई चुलीच्या धुरात. घाईत तिने पाहिलंच नाही. बाय पाण्याचा तांब्या घेऊन ओटीवर गेली. पाहुण्यांतला म्हातारा वाकून बघत राहिला आणि वडिलांना म्हणाला, "पोरीला कोड हाय का?"

मामाने धावत जाऊन डबा आणून दाखवला, तर म्हातारा म्हणाला, "म्हंजी झाकाया लावली!" तो उठला तो उठलाच. पाणीसुद्धा प्यायला नाही. कोडाची गोष्ट आठवड्याच्या आत बाजारात पोचली आणि पुढे वर्षभर कुणी आमचा उंबरा चढलं नाही. मला मार बसला, पण तो वेंधळेपणाचा. खरं मी कुणाला सांगितलं नाही.

शेवटी बायला डोळखांबच्या डोंगरातल्या एका बिजवराला दिली. मुरबाडला असती तर बाजाराला तरी भेटली असती. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

पहिल्या माहेरपणाला ती आली तेव्हा दोघी तांदूळ पाखडत असताना मी रडत सगळं सांगून टाकलं. तिने सूप खाली ठेवलं. तिने मला मारावं असंच मला वाटत होतं.

"ब्रश टोचत व्हता, मला कळत नव्हतं का?" ती म्हणाली. "मलाबी जायचं नव्हतं. तुझ्यासंगं आनखी एक वरीस मिळालं ना गो."

बाय जाऊन खूप वर्षं झाली. मला तिची फार आठवण येते. आणि ज्या एका वर्षासाठी आम्ही दोघींनी तिचा संसार डोंगरात लोटला, त्यातला एकही दिवस मला आता धड आठवत नाही.